स्लाइडवरची गुलाबी काडी : रंगांच्या मदतीने जिवाणूची पेशी कशी वाचायची

पाठ्यपुस्तकातली जिवाणूची आकृती सगळ्यांच्या ओळखीची असते. लांबट गोळी, बाहेर जाड रेघ, आत गुंतवळ, मागे शेपटीसारखा तंतू आणि चहूबाजूंनी नावं लावलेले दहा-बारा बाण. मुलं ती पाठ करतात, परीक्षेत सुबक काढतात. मग पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतात आणि दिसते एक बारकी गुलाबी काडी. भित्तिका नाही, पटल नाही, रायबोसोम तर नाहीच. “मॅडम, यात काहीच दिसत नाही” हे वाक्य मी दर वर्षी ऐकते आणि दर वर्षी म्हणते, बरोबर आहे, दिसणारच नाही.

यामागे साधा हिशेब आहे. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ०.२ मायक्रोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत, एकच होऊन जातात. ई. कोलायची पेशी साधारण २ मायक्रोमीटर लांब आणि एकापेक्षा थोडी कमी रुंद. म्हणजे अख्खी पेशी दिसते, पण जिवाणूंतली सगळ्यात जाड भित्तिकासुद्धा ८० नॅनोमीटरच्या आसपास थांबते, म्हणजे त्या मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी. रायबोसोम २० नॅनोमीटरचा. भिंग कितीही वाढवा, फक्त धूसर डाग मोठा होतो.

म्हणून प्रयोगशाळेत जिवाणूचे भाग आपण थेट बघत नाही, त्यांच्या वागण्यावरून ओळखतो. कोणता रंग धरून ठेवला, कोणता सोडला, शाई कुठपर्यंत येऊ दिली, पेशी फुटल्यावर बाहेर काय आलं. खाली पाच कृती दिल्या आहेत आणि प्रत्येक कृतीत पेशीचा एखादा भाग पकडीत येतो. पहिली कृती, ग्रॅम स्टेन, सगळ्यात लांबलचक सांगणार आहे, कारण ती नीट कळली की पुढच्या चार सोप्या जातात.

आधी तयारी

कल्चर, म्हणजे माध्यमावर वाढवलेले जिवाणू, निरुपद्रवी आणि माहितीतलं घ्या. शिकवण्यासाठी ई. कोलायचा के-१२ हा प्रयोगशाळेतला वाण आणि बॅसिलस सबटिलिस ही जोडी पुरते. गोल पेशी हव्या असतील तर स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस, पण तो प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखालीच. कुठूनतरी आणलेला अनोळखी जिवाणू प्लेटवर वाढवून बघायचा मोह टाळा. एका पेशीच्या कोट्यवधी पेशी झाल्यावर ती काय चीज आहे हे कळण्यात शहाणपण नाही.

केस बांधा, चष्मा आणि हातमोजे घाला. लूप, म्हणजे टोकाला कडं असलेली तारेची दांडी, वापरायच्या आधी आणि वापरल्यावर ज्वाळेत लालबुंद करा, आणि कॉलनीला, म्हणजे प्लेटवर वाढलेल्या जिवाणूंच्या ठिपक्याला, लावण्याआधी थंड होऊ द्या. गरम लूप कॉलनीत घातला की चर्र आवाज येतो आणि जिवाणूंचे तुषार हवेत उडतात. अल्कोहोलची बाटली बर्नरपासून हातभर लांब ठेवा. ग्रॅम स्टेनमध्ये ज्वाळा आणि अल्कोहोल एकाच टेबलावर असतात, हे घाईत विसरायला होतं.

स्मिअर

स्मिअर म्हणजे काचेवर पसरलेला जिवाणूंचा पातळ थर. स्लाइड स्वच्छ आहे की नाही हे पाण्याच्या थेंबाला विचारा. थेंब सपाट पसरला तर ठीक. मण्यासारखा गोळा होऊन बसला तर स्लाइडवर तेलकटपणा आहे, अल्कोहोलने पुसून ज्वाळेवरून फिरवा.

स्लाइडच्या मध्यावर लूपने पाण्याचा लहानसा थेंब ठेवा. कॉलनीला लूपचं टोक नुसतं टेकवा, खरवडू नका. नवखा माणूस हमखास इथे चुकतो. त्याला वाटतं जास्त जिवाणू घेतले तर जास्त दिसतील. प्रत्यक्षात पेशींचे थर एकावर एक चढतात आणि रंग आत-बाहेर सारखा जात नाही. त्या थेंबात कालवून साधारण बोटाच्या पेराएवढा भाग पसरा. वाळल्यावर स्मिअर जेमतेम दुधाळ दिसला पाहिजे, त्याच्याखाली छापील कागद धरला तर अक्षरं वाचता आली पाहिजेत. कल्चर द्रव माध्यमातलं असेल तर वेगळं पाणी घालू नका.

हवेवर पूर्ण वाळू द्या. मग स्मिअरची बाजू वर ठेवून स्लाइड ज्वाळेतून दोन-तीनदा झटकन फिरवा. मागची बाजू हाताच्या पाठीला लावून बघा, सोसेल इतपतच गरम हवी. या उष्णतेने पेशीतली प्रथिनं गोठतात आणि पेशी काचेला चिकटतात, एरवी पहिल्याच धुण्यात सगळं वाहून जाईल. ओला स्मिअर ज्वाळेवर धरला तर पाणी उकळून पेशी वेड्यावाकड्या होतात. आकार जसाच्या तसा हवा असेल तर ज्वाळेऐवजी मिथेनॉलचे दोन थेंब टाकून ते उडून जाऊ द्यावेत. माझा कल अलीकडे त्याच पद्धतीकडे आहे.

एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. त्याच स्लाइडवर तीन स्मिअर करा. एका टोकाला ग्रॅम पॉझिटिव्ह, म्हणजे ग्रॅम स्टेनमध्ये जांभळा राहणारा म्हणून माहीत असलेला, दुसऱ्या टोकाला ग्रॅम निगेटिव्ह, म्हणजे गुलाबी होणारा, आणि मध्ये तुमचा नमुना. टोकाचे दोन्ही बरोबर रंगले तरच मधल्यावर विश्वास ठेवायचा.

ग्रॅम स्टेन : चार बाटल्या आणि एक भिंत

डेन्मार्कचा हान्स क्रिस्तियान ग्रॅम १८८४ मध्ये बर्लिनला न्यूमोनियाने दगावलेल्या रुग्णांच्या फुफ्फुसाच्या ऊतींवर काम करत होता. जिवाणूंची वर्गवारी करणं त्याच्या डोक्यात नव्हतं. त्याला ऊतीच्या गर्दीत जिवाणू उठून दिसायला हवे होते. रंगवलेल्या ऊतीवरून अल्कोहोल फिरवलं की ऊतीचा रंग जायचा, जिवाणूंचा राहायचा. पण काही जिवाणूंचाही रंग जायचा आणि त्याला ती आपल्या पद्धतीतली उणीव वाटली. पुढे त्याच उणिवेवर सूक्ष्मजीवशास्त्रातली सगळ्यात जास्त वापरली जाणारी चाचणी उभी राहिली.

पहिली बाटली क्रिस्टल व्हायोलेटची. स्मिअर पूर्ण झाकेल इतका रंग ओता, १ मिनिट थांबा. हा रंग धनप्रभारित असतो आणि जिवाणूच्या पेशीत ऋणप्रभाराची रेलचेल असते, त्यामुळे तो सरसकट सगळ्यांत शिरतो. आत्ता स्लाइड बघितली तर दोन्ही प्रकार जांभळेच. स्लाइड तिरकी धरून मंद धारेखाली धुवा. धार स्मिअरवर थेट पडू देऊ नका, स्मिअरच्या वरच्या बाजूला पडून ओघळत आली पाहिजे.

दुसरी बाटली आयोडीनची, पुन्हा १ मिनिट. आयोडीन आत शिरून क्रिस्टल व्हायोलेटशी जोडलं जातं आणि पाण्यात न विरघळणारी मोठी जोडणी तयार होते. आत येताना सुटा असलेला रंग आता पेशीत एका मोठ्या गाठोड्यात बांधलेला आहे. बाटलीतलं आयोडीन फिकट पडलं असेल तर ते फेकून द्या. त्याने गाठोडं नीट बांधलं जात नाही आणि पुढे दोष अल्कोहोलला दिला जातो.

तिसरी बाटली ९५ टक्के अल्कोहोलची. सगळा खेळ इथे आहे, तेव्हा आधी भिंतीकडे बघू.

जिवाणूची भित्तिका पेप्टिडोग्लायकन नावाच्या पदार्थाची असते. दोन प्रकारच्या शर्करा आळीपाळीने गुंफून लांब दोरे होतात आणि अमिनो आम्लांचे छोटे तुकडे हे दोरे एकमेकांना आडवे बांधतात. जाळीची पिशवीच म्हणा ना, फक्त पेशीभोवती घट्ट बसलेली आणि कुठेही शिवण नसलेली. या पिशवीचं काम दाब सोसणं. पेशीत क्षार, शर्करा, प्रथिनं ठासून भरलेली असतात, त्यामुळे बाहेरचं पाणी सतत आत यायला बघतं. ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूंमध्ये हा दाब २० वातावरणांपर्यंत जातो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या जवळजवळ दसपट. पिशवीला भोक पडलं की पेशी फुटलीच. अलेक्झांडर फ्लेमिंगने १९२२ मध्ये वर्णन केलेलं लायसोझाइम हे आपल्या अश्रूंतलं आणि लाळेतलं विकर नेमके शर्करांचे दोरे कापतं. पेनिसिलिन दोरे कापत नाही, ते आडवे टाके घालणाऱ्या विकराला निकामी करतं. म्हणून वाढत्या, नवी भिंत विणणाऱ्या पेशीवर पेनिसिलिनचा घाव बसतो, स्वस्थ पडून राहिलेल्या पेशीला फारसं काही होत नाही. आपल्या पेशींना अशी भिंतच नसल्यामुळे आपण वाचतो.

ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूची ही भिंत २० ते ८० नॅनोमीटर जाड असते, थरावर थर, मधून टायकोइक आम्लाच्या साखळ्या ओवलेल्या. ग्रॅम निगेटिव्हची भिंत जेमतेम काही नॅनोमीटरची. पण तिच्या बाहेर एक आणखी पटल असतं. त्याच्या बाहेरच्या पदरात लिपोपॉलिसॅकराइडचे रेणू दाटीने बसलेले असतात आणि जागोजागी पोरिन नावाच्या प्रथिनांची अरुंद दारं. लहान रेणू दारातून आत, मोठे बाहेर. कित्येक प्रतिजैविकं ग्रॅम निगेटिव्ह जिवाणूंवर चालत नाहीत ती या दारातच अडतात म्हणून. आणि लिपोपॉलिसॅकराइडचा मेदाचा भाग, लिपिड ए, हाच तो एंडोटॉक्सिन. असे जिवाणू रक्तात मोठ्या संख्येने फुटले की ताप चढतो, रक्तदाब कोसळतो, त्यामागे हा रेणू असतो.

आता अल्कोहोल ओता. ग्रॅम निगेटिव्हचं बाहेरचं पटल मेदाचं, ते अल्कोहोलमध्ये विरघळून जातं. मागे राहिलेल्या पातळ जाळीतून रंगाचं गाठोडं निसटतं. ग्रॅम पॉझिटिव्हमध्ये उलट होतं. जाड भिंतीतलं पाणी अल्कोहोल शोषून घेतं, भिंत आक्रसते, छिद्रं मिटतात आणि गाठोडं आत अडकून पडतं. ही नुसती कल्पना नाही. १९८३ मध्ये, म्हणजे ग्रॅमनंतर ९९ वर्षांनी, आयोडीनच्या जागी प्लॅटिनमचं संयुग वापरून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रंगाचा हा प्रवास दाखवला गेला.

फरक किती वेळ धुतलं यावरही ठरतो हे लक्षात घ्या. खूप वेळ अल्कोहोल ओतत राहिलात तर जाड भिंतीतूनही रंग जाणारच. म्हणून स्लाइड तिरकी धरा, पांढऱ्या पार्श्वभूमीवर थेंब थेंब सोडा आणि खालून ओघळणाऱ्या थेंबाकडे बघा, घड्याळाकडे नको. आधी गडद जांभळा, मग फिकट, मग जवळजवळ रंगहीन. तो रंगहीन झाला त्या क्षणी पाण्याखाली धरा. पातळ स्मिअरला १० ते २० सेकंद पुरतात. बाटलीत अॅसिटोन मिसळलेलं असेल तर काही सेकंदांतच काम होतं, तिथे हात आणखी चपळ हवा.

चौथी बाटली सॅफ्रॅनिनची, ३० सेकंद ते १ मिनिट. रंगहीन झालेल्या पेशी गुलाबी होतात. जांभळ्या पेशींतही सॅफ्रॅनिन जातंच, पण गडद जांभळ्यापुढे ते दिसत नाही. धुवा, टिपकागदाने टिपा. पुसू नका.

सूक्ष्मदर्शकाखाली

आधी १०एक्स भिंगाने स्मिअरची पातळ जागा शोधा, मग ४०एक्स, मग स्लाइडवर तेलाचा एक थेंब आणि १००एक्स. तेलाचा अपवर्तनांक काचेइतकाच, सुमारे १.५१५, असतो. काच आणि भिंगाच्या मध्ये हवा राहिली तर प्रकाशाचे किरण वाकून बाहेर जातात, तेल त्यांना सरळ भिंगात पोचवतं. कंडेन्सर वर घ्या, त्याची झडप उघडी ठेवा. रंगवलेल्या स्लाइडला भरपूर उजेड लागतो.

पहिल्यांदा दोन्ही टोकांचे माहितीतले स्मिअर बघा. मग आपला नमुना. आकार लिहा, मांडणी लिहा, रंग शेवटी लिहा. गोल पेशी द्राक्षाच्या घोसासारख्या आहेत की माळेत ओवलेल्या? हा घोस किंवा माळ पेशी कोणत्या प्रतलात विभागली यावरून ठरते. दर वेळी एकाच प्रतलात विभागून चिकटून राहिली तर माळ, प्रतल बदलत गेलं तर घोस. काडीसारख्या पेशींच्या मध्यावर क्वचित चिमटा काढल्यासारखी खाच दिसते, ती विभागणी चालू असल्याची खूण. तिथे एफटीएसझेड नावाच्या प्रथिनाचं कडं आवळत आणलेलं असतं. कडं दिसत नाही, खाच दिसते.

सरावासाठी मला सगळ्यात आवडणारा नमुना म्हणजे स्वतःच्या दातांवरचं किटण. टूथपिकने हलकेच काढा, थेंबात कालवा, स्मिअर करा, वर सांगितल्याप्रमाणे रंगवा. जांभळे गोल, जांभळ्या माळा, गुलाबी काड्या, लांबच लांब तंतू, मधूनच गालाची एखादी अवाढव्य पेशी आणि तिच्या पाठीवर बसलेले जिवाणू, सगळं एकाच चौकटीत. लेव्हनहुकने १६८३ मध्ये अशाच किटणातले जिवाणू बघून त्यांचं वर्णन लिहून पाठवलं होतं, तेही एका भिंगाच्या, हातात धरायच्या साधनातून. गालाची पेशी शेजारी असल्यामुळे आकाराचा अंदाजही पक्का होतो. मापं पाठ करून हे होत नाही.

रंग चुकला तर कारणं ठरलेली असतात. सगळंच जांभळं दिसतंय, म्हणजे स्मिअर जाड होता किंवा अल्कोहोल कमी पडलं. सगळंच गुलाबी दिसतंय, म्हणजे अल्कोहोल जास्त झालं, स्लाइड फार तापली, आयोडीन शिळं होतं, नाहीतर कल्चर म्हातारं होतं. हे शेवटचं कारण मला स्वतःला महागात पडलंय. प्रॅक्टिकल घ्यायला लागले त्या वर्षी मी स्टॅफिलोकोकसची तीन दिवसांची प्लेट नमुना म्हणून ठेवली. अर्ध्या वर्गाने ‘गुलाबी गोल पेशी’ लिहिलं आणि मी सरळ गुण कापले. संध्याकाळी शंका आली म्हणून स्वतः स्लाइड केली, तर गुलाबीच. म्हाताऱ्या कल्चरमध्ये बऱ्याच पेशी मेलेल्या असतात, भिंती झिजलेल्या असतात, त्या रंग धरत नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे गुण परत दिले. तेव्हापासून २४ तासांपेक्षा जुनं कल्चर ग्रॅम स्टेनला घेत नाही.

आणि काही जिवाणू या चाचणीत बसतच नाहीत. मायकोप्लाझ्माला भित्तिका नसते, त्यामुळे पेनिसिलिनलाही तिथे काम नसतं. क्षयाच्या जिवाणूच्या भिंतीत मायकोलिक आम्लाचा मेणचट थर असतो, त्यात साधे रंग नीट शिरत नाहीत. त्याच्यासाठी झील-नीलसन ही वेगळी पद्धत आहे, ज्यात रंग वाफवून आत घालतात आणि मग आम्लानेही तो निघत नाही.

एक थेंब पोटॅशियम हायड्रॉक्साइड, आणि डीएनए हातात

ही कृती दोन मिनिटांची आहे आणि मुलं सगळ्यात जास्त हिच्यावर खूश असतात. चष्मा काढू नका, द्रावण डोळ्याला घातक आहे.

स्लाइडवर ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब घ्या. घन माध्यमावरच्या ताज्या ई. कोलायची यावेळी भरपूर कॉलनी लूपवर घ्या आणि थेंबात गोल गोल घोटा. अर्ध्या मिनिटाच्या आत थेंब बुळबुळीत व्हायला लागतो. लूप हलकेच वर उचला. त्याच्याबरोबर एक चिकट तार वर येते, सेंटिमीटरभर लांब, आणि मग तुटते.

ती तार म्हणजे डीएनए. पातळ भिंतीचे जिवाणू अल्कलीत फुटले आणि आतलं सगळं सांडलं. बॅसिलसवर हेच करून बघा, थेंब पाण्यासारखाच राहील, जाड भिंत दाद देत नाही. म्हणजे ग्रॅम स्टेनच्या निकालाचा पडताळाही झाला.

आता त्या तारेचा हिशेब मांडा. ई. कोलाय के-१२ चं गुणसूत्र सुमारे ४६ लाख बेस-जोड्यांचं आहे, त्याचा पूर्ण क्रम १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका जोडीची लांबी ०.३४ नॅनोमीटर, म्हणजे सरळ केलं तर दीड मिलिमीटरहून थोडं जास्त. आणि पेशी २ मायक्रोमीटर. स्वतःच्या लांबीच्या जवळजवळ आठशेपट दोरा पेशीने पोटात कोंबलेला असतो, तोही केंद्रकपटल नसताना. वळणावर वळणं घेऊन आणि प्रथिनांच्या आधाराने तो एका भागात गोळा होऊन राहतो, त्याला केंद्रकाभ म्हणतात. याखेरीज प्लाझ्मिड नावाची डीएनएची छोटी कडी असू शकतात. प्रतिजैविकांना दाद न देण्याची जनुकं बऱ्याचदा या कड्यांवर बसून एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातात.

केंद्रकपटल नसणं ही उणीव आहे असं पुस्तकं नकळत सुचवतात. मला ते पटत नाही. पटल नसल्यामुळे आरएनएची नक्कल पूर्ण व्हायच्या आतच तिच्या मोकळ्या टोकावर रायबोसोम चढतात आणि प्रथिन बनायला लागतं. निरोप लिहून संपायच्या आधी काम सुरू. पोषक माध्यमात ई. कोलाय २० मिनिटांत दुप्पट होते, तर संपूर्ण गुणसूत्राची नक्कल करायला तिला सुमारे ४० मिनिटं लागतात. हे जमतं कसं? पहिली नक्कल अर्धवट असतानाच ती पुढच्या पिढीची नक्कल सुरू करून ठेवते. जन्मलेल्या पेशीत नातवंडांच्या डीएनएचं काम आधीच चालू झालेलं असतं.

रायबोसोम मात्र कुठल्याच साध्या स्लाइडवर दिसत नाहीत. ते ७०एस आकाराचे, आपल्या पेशीद्रव्यातले ८०एस (एस म्हणजे जोरात गरगर फिरवल्यावर कण किती वेगाने खाली बसतो याचं माप). स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन त्यांच्या लहान भागाला अडवतात, एरिथ्रोमायसिन मोठ्या भागाला. पेशीपटलही दिसत नाही, पण कामाच्या बाबतीत ते भित्तिकेहून वरचढ म्हणावं लागेल. जिवाणूकडे मायटोकॉन्ड्रिया नसतात, त्यांचं श्वसनाचं काम हेच पटल करतं. प्रोटॉन बाहेर ढकलून पटलाच्या दोन बाजूंत विजेचा आणि आम्लतेचा फरक उभा करायचा, आणि परत आत येणाऱ्या प्रोटॉनकडून एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, बनवून घ्यायचा. हे प्रोटॉन पुढच्या एका कृतीत पुन्हा भेटतील.

शाईतला पांढरा घेर

काही जिवाणू भित्तिकेच्याही बाहेर बहुधा शर्करांच्या साखळ्यांचं गिलगिलीत कवच चढवतात, त्याला संपुट किंवा कॅप्सूल म्हणतात. ते बहुतांश पाणीच, त्यामुळे रंग धरत नाही आणि ज्वाळेवर फिरवलं तर आक्रसून जातं. मग त्याला रंगवायचंच नाही, भोवतालचं काळं करायचं.

साखर असलेल्या माध्यमावरचा अॅझोटोबॅक्टर घ्या, तो मातीत राहणारा आणि निरुपद्रवी आहे. स्लाइडवर इंडिया इंकचा छोटा थेंब, त्यात लूपभर कल्चर, वर कव्हरस्लिप, आणि टिपकागदाने वरून हलका दाब. ४०एक्सखाली काळपट पार्श्वभूमीवर पेशी आणि तिच्याभोवती स्वच्छ पांढरा घेर दिसेल. शाईचे कण संपुटात शिरू शकत नाहीत म्हणून तो घेर. ही स्लाइड वाळू देऊ नका. वाळताना शाई पेशीपासून मागे हटते आणि संपुट नसलेल्या जिवाणूभोवतीही खोटा घेर तयार होतो.

हा घेर म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींच्या तावडीतून निसटायची युक्ती. फ्रेडरिक ग्रिफिथने १९२८ मध्ये न्यूमोकोकसच्या संपुट असलेल्या आणि नसलेल्या जाती उंदरांना टोचल्या. संपुटवाल्यांनी उंदीर मेले, बिनसंपुटवाल्यांनी नाही. आणि उष्णतेने मारलेले संपुटवाले जिवंत बिनसंपुटवाल्यांबरोबर टोचले तेव्हा उंदीर पुन्हा मेले. मेलेल्यांकडून जिवंतांकडे काय गेलं, याचं उत्तर १९४४ मध्ये एव्हरी, मॅक्लाउड आणि मॅकार्टी यांनी दिलं : डीएनए.

लटकता थेंब

कशाभिका, म्हणजे ती शेपटी, साधारण २० नॅनोमीटर जाड असते, दिसायची आशा नको. पण तिने हलवलेली पेशी दिसते.

कव्हरस्लिपच्या चार कोपऱ्यांना व्हॅसलिनचे ठिपके लावा. मध्यावर ताज्या द्रव कल्चरचा छोटा थेंब ठेवा. खळगा असलेली स्लाइड उलटी करून वरून टेकवा, खळगा थेंबावर यायला हवा. मग सगळं झटकन सुलटं करा, थेंब खाली लटकतो. आता १०एक्सने थेंबाची कड शोधा, ४०एक्सवर या, आणि यावेळी झडप बरीच मिटा. पेशी रंगवलेल्या नाहीत, जास्त उजेडात त्या विरून जातात.

जागच्या जागी थरथरणारी पेशी पोहत नाही, ते पाण्याच्या रेणूंचे धक्के आहेत, मेलेल्या पेशीही तशा थरथरतात. सगळ्या पेशी एकाच दिशेने चालल्या असतील तर तो थेंबातला प्रवाह. दोन पेशी एकमेकींना ओलांडून विरुद्ध दिशांना गेल्या तर मात्र ‘पोहते’ असं लिहा. एकच पेशी निवडून तिचा पाठलाग करा. सरळ धाव, मग क्षणभर गटांगळी, मग नव्या दिशेला धाव. ई. कोलायच्या कशाभिका एका दिशेने फिरतात तेव्हा त्यांची जुडी बांधली जाते आणि पेशी पुढे जाते. एखादी उलटी फिरली की जुडी सुटते आणि गटांगळी. अन्न वाढत असेल त्या दिशेला धाव लांबते, एवढ्याच साध्या नियमावर पेशी वाट काढते. कशाभिका चाबकासारखी हलत नाही, ती मळसूत्रासारखी गोल फिरते, हे १९७३-७४ मध्ये सिद्ध झालं. तिच्या मुळाशी पटलात बसवलेली मोटर आहे आणि ती आत येणाऱ्या त्याच प्रोटॉनवर चालते.

बीजाणू

बॅसिलसची जुनी प्लेट फेकली नसेल तर आता तिची वेळ आली. ग्रॅम स्टेनमध्ये जुन्या बॅसिलसच्या काडीत मधेच रंग न धरलेली, काचेसारखी मोकळी जागा दिसते. ती पोकळी नाही, तो बीजाणू आहे आणि त्याने तुमचे दोन्ही रंग नाकारलेत. त्याच्या गाभ्यात पाणी फार कमी, कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्ल भरपूर, वर जाड कॉर्टेक्स आणि प्रथिनांचं आवरण. उकळतं पाणी तो बराच वेळ सोसतो. ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र, १२१ अंश सेल्सिअसला १५ मिनिटं चालवतात ते याच्यासाठी.

तीन ते पाच दिवसांच्या कल्चरचा स्मिअर करून पक्का करा. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर स्लाइड ठेवून मॅलाकाइट ग्रीन ओता आणि ५ मिनिटं वाफ द्या. रंग सुकायला लागला की वरून घालत राहा, सुकला तर स्लाइड वाया गेली. थंड झाल्यावर ३० सेकंद नुसत्या पाण्याने धुवा. इथे अल्कोहोल लागत नाही, कारण हा हिरवा रंग साध्या पेशीला इतका सैल धरून असतो की पाण्यानेच निघून जातो, बीजाणूच्या आत वाफेने घुसलेला मात्र बाहेर येत नाही. मग सॅफ्रॅनिन, धुणं, टिपणं. तेलाखाली लालसर काडीच्या पोटात हिरवा अंडाकृती दाणा दिसतो, काही सुटेही पडलेले असतात. दाणा मध्यावर आहे की टोकाला, आणि त्याने काडी फुगली आहे का, हेही लिहून ठेवा. जाती ओळखताना कामी येतं.

उठण्याआधी १००एक्स भिंगावरचं तेल लेन्स पेपरने टिपा, रुमालाने नाही. लटकत्या थेंबाची स्लाइड उघडायची नाही, ती तशीच जंतुनाशकात बुडवायची, कारण तिच्यातले जिवाणू अजून जिवंत आहेत. शाईची आणि तारेची स्लाइडही तिच्या मागोमाग. प्लेटा ऑटोक्लेव्हमध्ये, टेबल जंतुनाशकाने पुसून, आणि हात साबणाने.